‘नॉर्मल’ आकड्यामागची शरीराची धडपड

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या आरोग्य पानावर रक्तातील साखर, रक्तदाब, मूत्रपिंडांचे काम दाखवणारे क्रिएटिनिन, कॅल्शियम अशा तपासण्यांची माहिती वेळोवेळी येते आणि प्रत्येकीसमोर सामान्य पातळी किती असावी याचे कोष्टकही दिलेले असते. ही माहिती उपयुक्त आहे आणि अनेक वाचक ती कात्रणे जपून ठेवतात. मात्र वैद्यकीय विद्यार्थ्यांना दीर्घकाळ शरीरक्रियाशास्त्र शिकवत आल्यामुळे या कोष्टकांतून निसटणारी एक गोष्ट मला सतत खटकते आणि तिच्याबद्दल सविस्तर लिहिणे आवश्यक वाटते. रिपोर्टवरचा आकडा सामान्य आला की वाचक निर्धास्त होतो. पण शरीरातला जवळजवळ प्रत्येक महत्त्वाचा आकडा अनेक संस्था मिळून धरून ठेवत असतात, आणि म्हणूनच तो सहजासहजी जागचा हलत नाही. बहुतेकदा तो हलतो तेव्हा त्याला धरून ठेवणाऱ्या यंत्रणांची ताकद संपत आलेली असते. महिनाअखेर घरखर्च भागला एवढ्यावरून त्या घरावर कर्ज नाही असे जसे म्हणता येत नाही, तसेच हे आहे. आकडा जागेवर आहे का, या प्रश्नाइतकाच तो तिथे राखण्यासाठी शरीराला किती झटावे लागते आहे, हा प्रश्न महत्त्वाचा आहे, आणि तो आरोग्य पानावर क्वचितच विचारला जातो.

या विचाराचा पाया एकोणिसाव्या शतकात फ्रेंच शास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांनी घातला. आपल्या पेशींचा बाहेरच्या हवेशी थेट संबंध येत नाही, त्या शरीरातच असलेल्या द्रवात जगतात, आणि या आंतरिक पर्यावरणाचे स्थैर्य ही मुक्त जीवनाची अट आहे, असे त्यांनी मांडले. पुढे 1926 साली अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी या स्थैर्याला होमिओस्टॅसिस, म्हणजे आपण ज्याला समस्थिती म्हणतो, हे नाव दिले आणि ते राखण्यासाठी शरीर अखंड कामात असते यावर भर दिला. 70 किलो वजनाच्या माणसाच्या शरीरात सुमारे 42 लिटर पाणी असते. त्यातील दोन तृतीयांश पेशींच्या आत आणि उरलेले सुमारे 14 लिटर पेशींच्या बाहेर असते. त्यातही रक्तद्रव म्हणून वाहणारे पाणी जेमतेम 3 लिटर. या तुटपुंज्या द्रवातले क्षार, तापमान, आम्लता, साखर आणि ऑक्सिजन यांवर शरीरातल्या सगळ्या पेशींचे जगणे अवलंबून असते. पेशीबाहेर सोडियम भरपूर आणि पेशीत पोटॅशियम भरपूर, एवढा एक फरक टिकवण्यासाठी पेशींच्या आवरणातले पंप दर फेरीला सोडियमचे 3 आयन बाहेर टाकतात आणि पोटॅशियमचे 2 आत घेतात, आणि माणूस स्वस्थ पडून असतानाही शरीराच्या ऊर्जेचा सुमारे पाचवा हिस्सा या कामात जातो. म्हणजे अगदी निरोगी स्थितीतही काहीही आपोआप स्थिर राहत नाही.

रोज प्रत्येकाच्या बाबतीत घडणारे एक उदाहरण आधी घेते. माणूस अंथरुणावरून उठून उभा राहतो तेव्हा सुमारे अर्धा लिटर रक्त पोटाच्या आणि पायांच्या शिरांमध्ये उतरते. हृदयाकडे परतणारे रक्त तेवढ्याने कमी होते आणि पुढे काहीच झाले नाही तर मेंदूचा रक्तपुरवठा घटून माणूस उभ्या उभ्या कोसळेल. मानेतील धमनीच्या फाट्यापाशी आणि हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या कमानीत ताण ओळखणारी चेतांची, म्हणजे मज्जातंतूंची, टोके असतात. धमनीच्या भिंतीवरचा ताण कमी झाला की त्यांच्याकडून मेंदूच्या बुडाशी असलेल्या लंबमज्जेकडे जाणारे संदेश विरळ होतात आणि काही सेकंदांतच उत्तर येते. ठोके वाढतात, आतड्यांच्या व हातापायांच्या बारीक धमन्या आकसतात, शिराही आकसून रक्त वर ढकलतात आणि पोटऱ्यांचे स्नायू शिरा पिळून त्यात भर घालतात. हे सगळे इतक्या सहज होते की उठणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. मात्र दीर्घकाळच्या मधुमेहाने याच चेता दुबळ्या झालेल्या असतील, तर हृदय चांगले असूनही त्या माणसाला उठताच घेरी येते. बसून मोजलेला त्याचा रक्तदाब अगदी सामान्य असू शकतो. उभे करून पुन्हा मोजल्याखेरीज बिघाड सापडत नाही.

रक्तस्रावात आणि जुलाब-उलट्यांतही हीच यंत्रणा कामाला लागते, आणि सामान्य आकड्याने होणारी फसगत इथे सर्वांत धोकादायक असते. प्रौढ माणसाच्या अंगात सुमारे 5 लिटर रक्त असते. त्यातले 15 टक्क्यांपर्यंत गेले तरी नाडीत आणि रक्तदाबात फारसा फरक दिसत नाही. 15 ते 30 टक्क्यांच्या दरम्यान नाडी 100 च्या पुढे जाते, श्वास जलद होतो, हात गार पडतात, जीव घाबरा होतो. पण रक्तदाबाचा वरचा आकडा बहुधा जागेवरच असतो आणि धमन्या आकसल्यामुळे खालचा तर किंचित वाढलेलाही असतो. वरचा आकडा स्पष्टपणे घसरू लागतो तो 30 टक्क्यांहून अधिक, म्हणजे दीड लिटरच्या आसपास रक्त गेल्यावर. रक्तस्राव झाल्या झाल्या हिमोग्लोबिन तपासले तर तेही जवळपास पूर्वीइतकेच येते, कारण ते रक्तातले प्रमाण आहे आणि गेले ते सबंध रक्त. पेशींभोवतीचे पाणी हळूहळू रक्तवाहिन्यांत ओढले गेले की काही तासांनी तो आकडा उतरतो. लहान मुलांच्या बाबतीत अधिकच सावध राहावे लागते. त्यांच्या रक्तवाहिन्या इतक्या घट्ट आकसतात की रक्तदाब बराच वेळ टिकून राहतो, आणि मग घसरतो तो एकदम. जुलाबाने मलूल झालेल्या मुलाला तपासताना अनुभवी डॉक्टर रक्तदाबावर विसंबत नाहीत. ते बोटाचे नख क्षणभर दाबून सोडतात आणि पांढरे पडलेले नख पुन्हा गुलाबी व्हायला किती वेळ लागतो ते पाहतात. 2 सेकंदांच्या आत रंग परतला तर ठीक. उशीर लागला, तर मेंदू आणि हृदय वाचवण्यासाठी शरीराने त्वचेचा रक्तपुरवठा कापला आहे असा त्याचा अर्थ होतो. त्या वेळी मापकावरचा आकडा सामान्य असू शकतो, पण मूल सामान्य नसते.

सेकंदांच्या या धावपळीपाठोपाठ मिनिटा-तासांच्या हिशेबाने चालणारी दुसरी फळी उभी राहते, आणि शरीराच्या संस्था एकमेकींशी किती गुंतलेल्या आहेत हे तिच्याइतके स्पष्ट दुसऱ्या कशातही दिसत नाही असे मला वाटते. मूत्रपिंडाकडे येणाऱ्या रक्ताचा दाब कमी झाला की मूत्रपिंडातल्या विशिष्ट पेशी रेनिन नावाचे विकर (एन्झाइम) रक्तात सोडतात. हे विकर ज्या प्रथिनावर काम करते ते यकृतात तयार होऊन रक्तात आधीच फिरत असते. त्या दोघांच्या भेटीतून जो पदार्थ निघतो तो स्वतः फारसे काही करत नाही. त्याचे प्रभावी रूप, म्हणजे अँजिओटेन्सिन टू, मुख्यतः फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर तयार होते. हा पदार्थ एकाच वेळी अनेक ठिकाणी पोचतो. धमन्यांना तो आकसायला लावतो, मेंदूत तहान जागी करतो आणि मूत्रपिंडांवर बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींकडून अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक सोडवून घेतो. ते संप्रेरक पुन्हा मूत्रपिंडाकडेच येऊन लघवीतून जाणारे सोडियम अडवते, आणि सोडियममागोमाग पाणीही राहते. त्याच सुमारास मेंदूतील हायपोथॅलॅमसमध्ये तयार होऊन पियूषिका ग्रंथीतून सुटणारे दुसरे संप्रेरक लघवी घट्ट करते. रक्ताचा दाटपणा शेकडा 1-2 टक्के वाढला तरी त्याचा स्राव वाढतो. मूत्रपिंडे दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव गाळतात आणि त्यातला दीड लिटरच्या आसपासच लघवी म्हणून बाहेर जातो, म्हणजे उरलेला सगळा ती परत घेतात. यातली कुठली गोष्ट मूत्रपिंडाची, कुठली यकृताची आणि कुठली मेंदूची, हा प्रश्न विद्यार्थी परीक्षेत सोडवू शकतात, पण शरीरात त्याला फारसा अर्थ उरत नाही.

अशा वेळी माणसाला जाणवते काय, तर तोंडाला कोरड, गडद आणि थोडी लघवी, थकवा. रक्तातील सोडियम त्या दिवशी तपासले तर अनेकदा सामान्यच येते. वयस्कर माणसांत तहानेची जाणीवच मंदावलेली असते, म्हणून त्यांच्या बाबतीत ही पहिली खूणही मिळत नाही. जलसंजीवनीचे मोल इथे कळते. लहान आतड्याच्या अस्तरातील एक वाहक ग्लुकोज आणि सोडियम यांना जोडीनेच आत घेतो आणि त्यांच्यामागून पाणी शोषले जाते. पटकीसारख्या (कॉलरा) आजारात इतर मार्ग बिघडले तरी हा मार्ग बहुधा शाबूत असतो. 1971 साली निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ पसरली असता डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचे मोजून केलेले द्रावण तोंडाने पाजून असंख्य जीव वाचवले, ते याच मार्गाच्या आधारावर. नुसते पाणी किंवा नुसती साखर यांनी ते काम होत नाही.

आता श्वासाकडे वळते. रक्ताचा सामू, म्हणजे आम्लता दाखवणारा पीएच, 7.35 ते 7.45 एवढ्या अरुंद पट्ट्यात राहावा लागतो, 6.8 च्या खाली किंवा 7.8 च्या वर गेल्यास जगणे जवळजवळ अशक्य होते. दुसरीकडे, अन्नाच्या ज्वलनातून शरीरात रोज प्रचंड प्रमाणात कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि तो पाण्यात मिसळून आम्लच बनतो. फुप्फुसे तो क्षणोक्षणी बाहेर टाकतात. जी आम्ले वायुरूपाने जाऊ शकत नाहीत ती मूत्रपिंडे लघवीवाटे काढतात आणि आम्लता शमवण्यात खर्ची पडलेले बायकार्बोनेट पुन्हा घडवतात. फुप्फुसांचे उत्तर काही मिनिटांत मिळते, मूत्रपिंडांना पूर्ण जोर धरायला दोन-तीन दिवस लागतात. एकाकडे बिघाड झाला की दुसरा त्याचे ओझे उचलतो. इन्शुलिन कमी पडून रक्तात कीटोन आम्ले साचलेल्या मधुमेही रुग्णाचा श्वास खोल आणि भरभर चालू लागतो. जर्मन वैद्य अडोल्फ कुसमाउल यांनी 1874 साली या श्वासाचे वर्णन केले आणि आजही तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. असा रुग्ण बघणाऱ्याला वाटते की याला दमा झाला. वास्तविक त्याची फुप्फुसे निरोगी असतात. ती रक्तातली आम्लता उतरवण्यासाठी जीव तोडून काम करत असतात. कित्येकदा नातेवाइकांचे सगळे लक्ष छातीवर असते आणि साखर तपासायचे कुणाच्या ध्यानात येत नाही, याचे फार वाईट वाटते. याच रुग्णाच्या रक्तातले पोटॅशियम पाहिले तर ते सामान्य किंवा चढे दिसते, प्रत्यक्षात मात्र लघवीवाटे पुष्कळ पोटॅशियम निघून गेल्याने शरीराचा साठा रिता झालेला असतो. पेशींतले पोटॅशियम बाहेर येत राहते म्हणून रक्तातला आकडा सावरलेला असतो. इन्शुलिन सुरू करताच ते पेशींत परत शिरते आणि रक्तातली पातळी झपाट्याने उतरून हृदयाचा ताल बिघडू शकतो, म्हणूनच डॉक्टर इन्शुलिन देण्याआधी पोटॅशियम तपासतात आणि उपचार चालू असताना ते पुन्हा पुन्हा मोजत राहतात.

दम्याच्या तीव्र झटक्यातले उदाहरण तर मी दरवर्षी वर्गात आवर्जून सांगत असे. झटक्याच्या सुरुवातीला रुग्ण जोरजोराने श्वास घेतो, त्यामुळे त्याच्या धमनीतल्या रक्तात कार्बन डायऑक्साइड नेहमीपेक्षा कमी असतो. त्याचा दाब सामान्यतः पाऱ्याचे 35 ते 45 मिलिमीटर असतो. काही तासांनी तपासणी पुन्हा केली आणि हा आकडा 40 आला, तर कोष्टकाप्रमाणे तो अगदी आदर्श आकडा आहे. पण रुग्ण अजूनही धापा टाकत असेल, मानेचे स्नायू ताणून श्वास ओढत असेल आणि एक वाक्य सलग बोलू शकत नसेल, तर त्या 40 चा अर्थ असा की छातीचे स्नायू थकले, आणि आणखी थोड्या वेळाने श्वास बंद पडू शकतो. अशा रुग्णाला ताबडतोब अतिदक्षता विभागात हलवण्याचा विचार करावा लागतो. तोच आकडा शांत बसलेल्या माणसात निरोगीपणाची खूण असतो आणि याच्या बाबतीत धोक्याची घंटा, आणि हा फरक केवळ रिपोर्ट वाचून कधीही कळणार नाही.

साखरेची गोष्ट याहून संथ आहे, पण तिचे स्वरूप तेच आहे. निरोगी माणसाच्या सबंध रक्तात कोणत्याही वेळी फक्त 5 ग्रॅमच्या आसपास, म्हणजे चमचाभर ग्लुकोज असते. एकट्या मेंदूला दिवसाला सुमारे 120 ग्रॅम लागते, आणि एका भरपेट जेवणातून 75-100 ग्रॅम सहज रक्तात येऊ शकते. एवढी आवकजावक होत असताना उपाशीपोटी साखर दर 100 मिलिलिटरमागे 70 ते 99 मिलिग्रॅम दरम्यान राहावी यासाठी आतडी, स्वादुपिंड, यकृत, स्नायू आणि चरबी या सगळ्यांना जुळवून घ्यावे लागते. अन्न आतड्यात पोचताच तिथली संप्रेरके स्वादुपिंडाला सूचना देतात, म्हणूनच शिरेतून दिलेल्या ग्लुकोजपेक्षा तोंडाने घेतलेल्या तेवढ्याच ग्लुकोजने अधिक इन्शुलिन स्रवते. इन्शुलिन आधी यकृताकडे जाते आणि यकृत साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवते. रात्रभर उपास घडला की स्वादुपिंडाच्याच ग्लुकॅगॉन या संप्रेरकाच्या इशाऱ्यावर तेच ती परत सोडते. स्नायूंतला साठा यकृतातल्या साठ्यापेक्षा बराच मोठा असतो, पण तो स्नायू स्वतःसाठीच वापरतात, रक्ताला थेट ग्लुकोज देऊ शकत नाहीत.

आता ज्या माणसाच्या पोटाचा घेर वाढलेला आहे आणि हालचाल कमी आहे त्याचा विचार करावा. त्याच्या पेशी इन्शुलिनला नीट दाद देत नाहीत, म्हणून स्वादुपिंड अधिक इन्शुलिन तयार करते. अधिक इन्शुलिनमुळे साखर सामान्य राहते. अशी वर्षे जातात, दर तपासणीत साखर उत्तम येते, आणि प्रत्येक वेळी तो माणूस समाधानाने घरी जातो. स्वादुपिंडातल्या पेशी या वाढीव कामाला पुरे पडेनाशा झाल्या की मग साखर चढते, आणि ज्या दिवशी मधुमेहाचे निदान होते त्या दिवसापर्यंत त्यांच्या क्षमतेचा मोठा भाग गेलेला असतो. मानेच्या मागच्या बाजूला किंवा काखेत त्वचा काळसर, जाडसर, मखमलीसारखी झालेली दिसली, तर रक्तातील इन्शुलिन वाढलेले असल्याची ती बऱ्याचदा पहिली खूण असते. लोक ती घासून काढायचा प्रयत्न करतात. तिच्याबद्दल आपल्या पानावर एकदा छायाचित्रासह लिहिले गेले, तर साखरेच्या कोष्टकाइतकाच त्याचा उपयोग होईल.

कॅल्शियमबद्दल थोडक्यात सांगते. शरीरातले 99 टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असते. रक्तातले कमी पडू लागले की गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी हाडांतून ते काढून रक्तात आणतात, त्यामुळे हाडे ठिसूळ होत असतानाही रक्तातील कॅल्शियम सामान्यच येते. क्रिएटिनिनचेही तसेच आहे. मूत्रपिंडांची जवळजवळ निम्मी क्षमता जाईपर्यंत ते सामान्य मर्यादेत राहू शकते, आणि स्नायू कमी असलेल्या वृद्ध व्यक्तींत तर आणखी उशिरा चढते; लघवीतील अल्ब्युमिन या प्रथिनाची साधी तपासणी पुष्कळदा आधी सांगून जाते. मूत्रपिंडे खरोखर निकामी होऊ लागली की परिणाम लघवीपुरते राहत नाहीत. अस्थिमज्जेला लाल पेशी बनवण्याचा इशारा देणारे एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक मूत्रपिंडांतच तयार होते, ते घटून रक्तक्षय होतो. ड जीवनसत्त्वाला शेवटचे सक्रिय रूप तिथेच मिळते, ते न मिळाल्याने हाडे दुबळी होतात. रक्तदाब चढतो, आणि साचलेल्या आम्लामुळे श्वास वाढतो. असा रुग्ण अशक्तपणासाठी एका डॉक्टरांकडे, हाडांसाठी दुसऱ्याकडे आणि दम लागतो म्हणून तिसऱ्याकडे जातो, आणि मूळ कारण सापडायला विलंब होतो.

समस्थितीचे हे प्रयत्न नेहमी हिताचेच ठरतात असे मात्र नाही, आणि हे न सांगितल्यास माझे म्हणणे अर्धवट राहील. हृदय दुबळे होऊन पुरेसे रक्त पुढे ढकलू शकत नाही, तेव्हा मूत्रपिंडांकडे कमी रक्त येते. रक्त वाहून गेले की हृदय थकले, हे मूत्रपिंडांना कळण्याचा मार्ग नाही. दोन्ही प्रसंगी त्यांना जाणवतो तो कमी दाबच. त्यामुळे वर सांगितलेली रेनिनपासूनची सगळी साखळी सुरू होते, मीठ आणि पाणी अडवले जाते, धमन्या आकसतात, ठोके वाढतात. रक्तस्रावात जीव वाचवणारे हे उत्तर इथे थकलेल्या हृदयावर अधिक द्रव आणि अधिक दाब लादते. पायांवर संध्याकाळी सूज येते, बोटाने दाबले तर खळगा पडतो, रात्री आडवे झाल्यावर फुप्फुसांत पाणी चढून दम लागतो आणि उशा वाढवाव्या लागतात. हृदयाकडेही याविरुद्ध एक उपाय असतो: ताणलेल्या भिंतींतून ते स्वतःच मीठ-पाणी बाहेर टाकायला लावणारी संप्रेरके सोडते. 1981 साली अडोल्फो डी बोल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या हृदयाच्या कप्प्यांतून काढलेल्या अर्कावरून हे दाखवून दिले, आणि त्याच कुळातल्या एका संप्रेरकाची पातळी आज हृदय किती ताणाखाली आहे हे ओळखण्यासाठी मोजली जाते. पण समोरच्या साखळीपुढे ही ताकद अपुरी पडते.

या आजारावरची आजची परिणामकारक औषधे हृदयाला चाबूक मारून पळवत नाहीत, शरीराच्या या अतिउत्साही बचावाला आवर घालतात. हृदयाचा वेग उतरवणारी बीटा ब्लॉकर औषधे हृदय दुबळे असताना देणे एकेकाळी निषिद्ध मानले जाई. 1975 साली स्वीडनमधील डॉक्टरांनी मोजक्या रुग्णांना ती काळजीपूर्वक देऊन सुधारणा दाखवली तेव्हा त्यावर सहजी विश्वास बसला नाही, आणि ती सर्वमान्य व्हायला पुढे बरीच वर्षे लागली. अँजिओटेन्सिन टू तयार होण्यालाच अडथळा करणारे एनालाप्रिल हे औषध हृदय अतिशय दुबळे झालेल्या रुग्णांत मृत्यूचे प्रमाण घटवते हे 1987 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीतून सिद्ध झाले. आता सूज उतरली, दम थांबला, रक्तदाब सामान्य आला म्हणून रुग्ण स्वतःहून अशा गोळ्या बंद करतात, तेव्हा ते नेमके काय करतात हे आपल्या लक्षात येईल. तो सामान्य आकडा औषधाने साखळी रोखून धरल्यामुळे आलेला असतो.

उलट बाजूही नोंदवायला हवी, कारण मर्यादेबाहेरचा प्रत्येक आकडा नियंत्रण सुटल्याचे लक्षण नसतो. जंतुसंसर्गात ताप येतो तेव्हा हायपोथॅलॅमसने तापमानाचे लक्ष्यच वर नेलेले असते. 37 अंशांवर असलेले अंग त्याला थंड वाटते, म्हणून हुडहुडी भरते, त्वचेकडचे रक्त कमी होते, माणूस पांघरूण ओढतो. पॅरासिटामॉल हे लक्ष्य खाली आणते, मग घाम फुटतो आणि ताप उतरतो. उष्माघातात लक्ष्य बदललेले नसते. उष्णता बाहेर टाकण्याची शक्ती संपलेली असते आणि तापमान 40 अंशांच्या पुढे जाऊन माणूस असंबद्ध बोलू लागतो. तिथे पॅरासिटामॉलचा उपयोग नाही. अंगावर पाणी ओतून, वारा घालून किंवा शक्य असल्यास थंड पाण्यात ठेवून ताबडतोब थंड करणे आणि रुग्णालयात पोचवणे हाच उपाय. तापमापकावर दोघांचाही आकडा एकच दिसू शकतो.

हे सगळे माहीत नसल्याचा फायदा कोण घेते, तेही सांगितले पाहिजे. आम्लारीयुक्त (अल्कलाइन) पाणी पिऊन रक्ताची आम्लता घालवा, अमुक पेयाने शरीरातली विषे धुऊन काढा, अशा जाहिराती सर्वत्र दिसतात. असे पाणी जठरात पोचताच तिथल्या तीव्र आम्लात मिसळून जाते, आणि रक्ताचा सामू ठरवतात ती फुप्फुसे आणि मूत्रपिंडे. ती निरोगी असतील तर अशा पाण्याची गरज नाही, आणि निकामी झाली असतील तर त्याने भागणार नाही. पाणी जितके प्याल तितके चांगले, हा सल्लाही निरपवाद नाही. निरोगी मूत्रपिंडे तासाला साधारण लिटरभर पाणी बाहेर टाकू शकतात, आणि दीर्घ पल्ल्याच्या शर्यतींत त्याहून अधिक पाणी पीत राहिलेल्या धावपटूंच्या रक्तातील सोडियम उतरून मेंदूला सूज आल्याच्या आणि मृत्यू ओढवल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत.

या पत्राने कुणी आपल्या चांगल्या रिपोर्टवर अविश्वास दाखवू लागावे अशी माझी मुळीच इच्छा नाही. लक्षणे नसलेल्या, धडधाकट माणसाचा सामान्य आकडा बहुतेक वेळा खरोखरच सामान्य असतो, आणि विनाकारण तपासण्या वाढवणे हेही नुकसानच. माझी विनंती इतकीच आहे की यापुढे आरोग्य पानावर एखाद्या तपासणीचे कोष्टक छापताना त्याखाली आणखी दोन ओळींना जागा द्यावी: हा आकडा कोणत्या कोणत्या संस्था मिळून सांभाळतात, आणि तो सामान्य असतानाही कोणती लक्षणे दिसली तर डॉक्टरांकडे जावे. साखरेखाली मानेवरची काळसर त्वचा आणि पोटाचा घेर, क्रिएटिनिनखाली लघवीतील अल्ब्युमिन, रक्तदाबाखाली उठताना येणारी घेरी. आणि जुलाबाच्या साथीच्या दिवसांत, शक्य झाल्यास पहिल्या पानावर, आईवडिलांसाठी एक चौकट: लघवी कमी होणे, डोळे खोल जाणे, रडताना अश्रू न येणे, हात गार पडणे, नखाचा रंग परतायला 2 सेकंदांहून अधिक वेळ लागणे. यातले काहीही दिसले तर रक्तदाब उतरण्याची वाट पाहू नये.

आपली नम्र,
शरीरक्रियाशास्त्राच्या एक निवृत्त अध्यापिका